सोबत आठ छायाचित्रे जोडली आहेत

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी इमारत विभागाचे तपासनीस वाचनालयाच्या पायरीवर भर उन्हात उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलवरून फोटो मेल करत होते. एरवी त्यांची पद्धत ठरलेली होती. फोटो काढायचे, कचेरीत यायचं, फोन वायरीने कॉम्प्युटरला जोडायचा, मोठ्या पडद्यावर एकेक फोटो उघडून बघायचा आणि मगच पुढे पाठवायचा. पण आज कचेरीतलं नेट सकाळपासून बंद होतं, आणि कार्यकारी अभियंता बाईंचा फोन आला होता.

"तीन वाजता समितीची बैठक आहे. बारापर्यंत फोटो सगळ्यांकडे पोचले पाहिजेत."

"मॅडम, कचेरीत नेट नाही आज."

"फोन आहे ना हातात? त्यावरूनच बोलताय ना माझ्याशी? मग त्यावरूनच पाठवा की!"

प्रश्न वाचनालयाच्या मागच्या भिंतीचा होता. जानेवारीच्या शेवटी नवव्या कपाटामागे एक भेग दिसली, तेव्हापासून वाचनालयाला सील लावायचं की नाही यावर समिती बसत होती आणि उठत होती. आज निर्णय व्हायचा होता. भेग जुनी आहे, मेलेली आहे, तीन मिलीमीटरची तीन मिलीमीटरच राहिली आहे, असं तपासनीसांचं ठाम मत होतं. त्यासाठी दर महिन्याच्या एक तारखेला ते तिथे जात, भेगेवर आपली स्टीलची पट्टी लावत, शेजारी तारीख आणि माप लिहिलेली चिठ्ठी चिकटवत आणि फोटो काढत. कचेरीत त्यांच्या पाठीमागे त्यांना 'मिलीमीटर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

ग्रंथपाल बाईंची सगळी भिस्त या मिलीमीटरवर होती. सव्वीस वर्षं त्या वाचनालयात होत्या. "एकदा का पुस्तकं गोदामात गेली ना साहेब, की ती परत येत नाहीत," असं त्या दर एक तारखेला म्हणत आणि तपासनीस दर एक तारखेला म्हणत, "मी आहे ना!"

बैठकीआधी भेगेवर एकदा पट्टी लावून पाहायला ते वाचनालयात आले होते. तिथल्या दोन फुटी भिंतींमुळे आत नेटवर्क यायचं नाही, म्हणून ते बाहेर आले. घाईत पट्टी आत खिडकीतच राहिली. बाहेर नेटवर्क होतं, पण ऊन असं काही होतं की पडद्यावर फोटोंपेक्षा त्यांना स्वतःचंच नाक जास्त दिसत होतं. फोटो म्हणजे नखाएवढे चौकोन. हाताचा आडोसा करून त्यांनी प्रत्येक महिन्याची एक तारीख शोधली, चौकोनात पट्टी आणि चिठ्ठी दिसली की बोट टेकवलं. आठ महिने, आठ फोटो. फोनने विचारलं, फोटो मोठे आहेत, लहान करून पाठवू का? नेटवर्कची एकच दांडी होती. "कर बाबा लहान," तपासनीस म्हणाले.

खरं लक्ष त्यांनी मजकुरावर दिलं. 'सोबत आठ छायाचित्रे जोडली आहेत. फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात एकाच पट्टीने व एकाच अंतरावरून घेतलेली ही छायाचित्रे पाहता स्थिती स्वयंस्पष्ट आहे. निम्नस्वाक्षरीकाराच्या मते काळजीचे कारण नाही.' हे त्यांनी दोनदा वाचलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि अकरा त्रेपन्नला समितीच्या यादीतल्या चौदा पत्त्यांवर धाडून दिलं. सात मिनिटं हातात ठेवून काम झालं होतं. त्यांनी समाधानाने घाम पुसला.

पहिलं उत्तर बारा वाजून चार मिनिटांनी आलं. कार्यकारी अभियंता बाईंनी एकच शब्द लिहिला होता. 'धक्कादायक.'

बाईंना भेग वाढलेली असेल असं वाटलं असणार, म्हणून धक्का बसला, असा तपासनीसांनी अर्थ लावला. तेवढ्यात अग्निशमन अधिकाऱ्यांचा मेल आला. 'आठ महिने तुम्ही हे नुसतं बघत बसलात?' त्याच्या मागोमाग पाणीपुरवठ्याचे अभियंते. 'मधला गिलावा पूर्ण गेलेला दिसतो. कडेची काळी बुरशी आधी खरवडून काढा, म्हणजे खाली किती शिल्लक आहे ते कळेल.'

तपासनीसांनी तो मेल तीनदा वाचला. भिंतीला बुरशी नव्हती. गिलावाही जागेवर होता. तो आपणच दर महिन्याला बोटाने ठोकून पाहतो.

मागे दार वाजलं. ग्रंथपाल बाई बाहेर आल्या. समितीच्या यादीत त्यांचाही पत्ता होता आणि वाचनालयाचं नेट, नशिबाने म्हणा की दुर्दैवाने, चालू होतं. त्यांच्या हातात छापलेले आठ कागद होते.

"साहेब, तुम्ही तर म्हणाला होतात भिंत जागची हललेली नाही."

"नाहीच हललेली."

"मग हे काय आहे?"

तपासनीसांनी कागद घेतला. त्यावर पिवळसर तपकिरी रंगाचा एक गोल होता. त्याच्या कडेने काळं काहीतरी अस्पष्ट, केसाळ पसरलेलं होतं. गोलावर स्टीलची पट्टी होती. शेजारी चिठ्ठी. 'फेब्रुवारी. ४८ मिमी.' पुढचा कागद. 'मार्च. ५०.' शेवटचा कागद. 'सप्टेंबर. ६२.'

त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग मान. मग भर उन्हात अंगावरून गार वारं गेल्यासारखं झालं.

ते त्यांचं स्वतःचं टक्कल होतं.

त्याच जानेवारीच्या शेवटी त्यांनी गुपचूप एक औषध आणलं होतं. बारकी बाटली, वर थेंब टाकायची नळी. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'दर महिन्याला एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून फोटो काढून प्रगती पाहा. आठ महिने धीर धरा.' दुसऱ्या कोणी हे वाचून सोडून दिलं असतं. तपासनीसांना मात्र त्या दोन ओळींत आपल्या धंद्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं. दर महिन्याच्या एक तारखेला, वाचनालयाची भेग मोजून झाली की ते घरी जात, न्हाणीघराची कडी लावत, डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत नेलेले लांब केस बाजूला करून बायकोच्या चिमट्यांनी अडकवत, आणखी दोन चिमट्यांत पट्टी आणि चिठ्ठी बसवत, फोन फळीवर ठेवून दहा सेकंदांचा टायमर लावत आणि मान खाली घालून उभे राहत. मग मोठा करून फोटो बघत, माप वाचत, चिठ्ठीवर आकडा टाकून पुन्हा एक फोटो काढत. बायको आठ महिने चिमटे शोधत होती. त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

तारीख तीच, पट्टी तीच, चिठ्ठी तीच. नखाएवढ्या चौकोनात भेग आणि डोकं यांत काय फरक कळणार!

"साहेब, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"ऊन," तपासनीस म्हणाले. "चुकीचे फोटो गेले, बाई. हे वाचनालयाचे नाहीत."

"अगं बाई! मग कुठले?"

"आधी बरोबरचे पाठवतो," असं म्हणून ते सावलीला जिन्याखाली गेले. तिथे नेटवर्क नव्हतं, म्हणून पुन्हा उन्हात आले. गेलेला मेल परत ओढून घ्यायची काही सोय असेल म्हणून त्यांनी फोनचा प्रत्येक कोपरा दाबून पाहिला. त्या नादात फोनचा आवाज बंद झाला, अक्षरं मोठी झाली आणि टॉर्च लागला. मेल काही परत आला नाही. शेवटी त्यांनी भेगेचे आठ फोटो एकेक उघडून, डोळ्यांजवळ धरून, खात्री करून जोडले आणि वर लिहिलं, 'आधीची छायाचित्रे अनवधानाने गेली. ती दुर्लक्षित करावीत.' बारा बत्तीस.

बारा पस्तीसला कार्यकारी अभियंता बाईंचा फोन.

"दुर्लक्षित कशी करायची? तुमची पट्टी आहे, तुमचं अक्षर आहे. आठ महिन्यांत चौदा मिलीमीटर वाढ आहे. वाचनालयाची नाही, तर कुठल्या इमारतीची?"

"दुसरीकडची आहे, मॅडम."

"अहो दुसरीकडची म्हणजे कुठली? आपल्या यादीतली?"

"यादीत नाही. खासगी आहे."

"खासगी? तिथं कोणी राहतं?"

तपासनीसांनी उभ्या नोकरीत अहवालात खोटं लिहिलं नव्हतं. "एक माणूस," ते म्हणाले.

"त्याला कळवलंय?"

"त्याला कल्पना आहे, मॅडम."

"कल्पना आहे आणि तरी तिथंच राहतोय?"

"त्याला दुसरी जागा नाही."

"बिचारा," बाई म्हणाल्या. "तुम्ही पत्ता घेऊन या बैठकीला. मी अग्निशमनला सांगून ठेवते."

तीन वाजता तपासनीस बैठकीच्या खोलीत शिरले तेव्हा त्यांची नजर थेट समोरच्या भिंतीवर गेली. तिथे प्रोजेक्टरने सप्टेंबरचा फोटो पाच फूट रुंद करून दाखवला होता. न्हाणीघराच्या ट्यूबलाइटचा उजेड नेमका मधोमध चकाकत होता. ते ज्या खुर्चीत बसले तिच्या डोक्यावर ते चित्र आलं. ते उठून दुसऱ्या खुर्चीत बसले.

"ओल आतून आहे," पाणीपुरवठ्याचे अभियंते त्या चकाकीकडे बोट दाखवून सांगत होते. "बघा ना, कसं पाझरतंय."

तो घाम होता. सप्टेंबरात फार उकडत होतं.

"माझी गाडी खाली उभी आहे," अग्निशमन अधिकारी म्हणाले. "शिडी, दोर, चार माणसं. दीड तास झाला. पत्ता सांगा, मी त्या माणसाला काढतो बाहेर."

तपासनीसांनी टेबलावरची टाचणी उचलली आणि खाली ठेवली.

"मग मी स्पष्टच बोलतो," अग्निशमन अधिकारी म्हणाले. "बारा वाजता वाईट फोटो येतात. साडेबाराला चांगले फोटो येतात. मधल्या अर्ध्या तासात भिंत बरी झाली म्हणायची का? वाचनालय वाचवायला यांनी फोटो बदलले असतील तर?"

"असं नाही हो," ग्रंथपाल बाई एकदम म्हणाल्या. "साहेब तसले नाहीत. एक मिलीमीटर इकडचा तिकडं करत नाहीत ते."

"मग पत्ता का देत नाहीत?"

ग्रंथपाल बाई तपासनीसांकडे बघू लागल्या. कार्यकारी अभियंता बाईंनी चष्मा काढला.

"मी आरोप करत नाही. पण कागदावर जे दिसतंय त्यावरच मला जावं लागणार. या जागेचा पत्ता तुम्ही दिलात तर दुसरे आठ फोटो खरे धरते. नाही दिलात, तर पहिले आठ वाचनालयाचेच समजून आज संध्याकाळी सील लावते. बोला."

तपासनीसांनी तोंड उघडलं. समोर सहा माणसं बसली होती. कोपऱ्यात टंकलेखिका इतिवृत्त टाइप करत होती. आपण एक वाक्य बोलायचं आणि ते वाक्य टाइप व्हायचं, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी तोंड मिटलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "ग्रंथपाल, किल्ली ठेवा टेबलावर."

ग्रंथपाल बाईंनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. कडी घट्ट होती. त्या नखाने ती उघडायला लागल्या. एकदा निसटली, दुसऱ्यांदा निसटली. तपासनीसांकडे बघायचंही त्यांनी थांबवलं होतं. तिसऱ्यांदा नख मोडलं आणि त्यांनी बोट तोंडात घातलं.

"इथंच आहे," तपासनीस म्हणाले.

"काय इथंच आहे?"

"ती जागा. पत्ता काय देऊ, मी बरोबर घेऊनच फिरतो." त्यांचा आवाज एवढा खाली गेला होता की टंकलेखिकेने टाइप करणं थांबवून कान पुढे केला. "ते माझं डोकं आहे."

कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं तपासनीसांना वाटलं. सहाही जणांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. पाणीपुरवठ्याचे अभियंते हळूच म्हणाले, "म्हणजे ती बुरशी..."

"केस," तपासनीस म्हणाले. "उरलेले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. औषध, एक तारीख, चिमटे, टायमर. सांगताना ते टेबलाच्या लाकडाकडे बघत होते. त्या लाकडाला एक बारीक चीर होती. पाव मिलीमीटर असेल.

"तुम्हाला टक्कल आहे हे आम्हाला माहीत होतं हो," अग्निशमन अधिकारी शेवटी म्हणाले. त्यांचा सूर एकदम मवाळ झाला होता. "सगळ्यांनाच माहीत आहे. मोजता हे नव्हतं माहीत."

सात मिनिटं. रोज सकाळी सात मिनिटं ते डाव्या कानावरचे केस उजव्या कानापर्यंत नेण्यात घालवत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं.

"माझा विश्वास आहे," कार्यकारी अभियंता बाई म्हणाल्या. त्यांनी ओठ फारच घट्ट मिटून धरले होते. "पण हे चौदा ठिकाणी गेलंय. नुसत्या तोंडी सांगण्यावर मी सही करू शकत नाही. समितीला प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल. पट्टी आहे का कोणाकडे?"

तपासनीसांची पट्टी वाचनालयाच्या खिडकीत होती. ग्रंथपाल बाईंच्या पर्समध्ये एक प्लास्टिकची निघाली. त्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"माफ करा हं, साहेब."

"करा करा," तपासनीस म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने ते लांब केस उचलून बाजूला धरले आणि कपाळ टेबलावर टेकवलं. वर पंखा फिरत होता. त्याचा वारा थेट लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं; पण ते पहिल्या मजल्यावर होते, आणि खाली नोंदणी विभाग होता.

"किती?" कार्यकारी अभियंता बाईंनी विचारलं.

"एकोणसाठ."

"सप्टेंबरच्या चिठ्ठीवर बासष्ट आहे."

"मी नीट धरलीय. एकोणसाठच आहे."

टेबलावरून दबका आवाज आला. "किती म्हणालात?"

"एकोणसाठ, साहेब."

"परत मोजा."

ग्रंथपाल बाईंनी परत मोजलं. अग्निशमन अधिकारी उठून मागे गेले आणि त्यांनीही वाकून पाहिलं. "एकोणसाठ," ते म्हणाले. "तीन फरक म्हणजे घाईघाईत चालायचंच. जागा तीच आहे, मॅडम. माझी खात्री पटली. गाडी पाठवून देतो परत."

तपासनीस मात्र तसेच वाकून राहिले होते. आठ महिन्यांत आकडा एकदाही खाली आला नव्हता. तीन मिलीमीटर! केस हातात धरून, कपाळ टेबलावर टेकलेल्या अवस्थेत त्यांच्या मनात काहीतरी हळूहळू उजाडत होतं.

"वाचनालय चालू राहील," कार्यकारी अभियंता बाई सांगत होत्या. "टाइप करा. आणि तपासनीस, तुम्ही तसेच थांबा. याचा एक फोटो हवा, पट्टीसकट. दुरुस्तीच्या मेलला जोडायचा, चौदाही जणांना. पहिल्या आठ फोटोंतली जागा कोणती, हे त्यांना कळलंच पाहिजे. नाहीतर उद्या वरून कोणीतरी येईल ती इमारत शोधत."

तपासनीसांचाच फोन घेऊन ग्रंथपाल बाईंनी फोटो काढला. किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली होती आणि त्यांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे पहिला फोटो हलला. दुसरा चांगला आला.

मजकूर कार्यकारी अभियंता बाईंनी सांगितला आणि तपासनीसांनी फोनवर लिहिला. 'संदर्भाधीन आठ छायाचित्रे वाचनालयाच्या भिंतीची नसून निम्नस्वाक्षरीकाराच्या डोक्याची आहेत. समितीने आज प्रत्यक्ष पाहणी केली. अद्ययावत मोजमापाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.' 'डोक्याची' हा शब्द लिहिताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.

"या वेळी फोटो उघडून बघा," बाई म्हणाल्या. "मोठा करून, नीट."

तपासनीसांनी फोटो उघडला. इथे ऊन नव्हतं. दोन बोटांनी त्यांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्यांचा चेहरा स्थिर झाला. प्लास्टिकच्या पट्टीत शून्याची रेघ टोकापासून जराशी आत होती, जशी अशा पट्ट्यांची असते. टोकापाशी कोरी जागा. तीन मिलीमीटर. ग्रंथपाल बाईंनी टक्कल जिथून सुरू होतं तिथे शून्य धरलं नव्हतं, पट्टीचं टोक धरलं होतं. एकोणसाठ आणि तीन. हाताखालच्या कोणी असा आकडा आणला असता तर तपासनीसांनी कागद त्याच्या तोंडावर परत फेकला असता आणि वर अर्धा तास ऐकवलं असतं.

"काय झालं?" कार्यकारी अभियंता बाईंनी विचारलं. "मोजमापात काही चूक आहे का?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. ग्रंथपाल बाई तर फारच मायेने.

तपासनीसांच्या कानाच्या पाळ्या दिवसभरात कितव्यांदा तरी तापल्या. ही लाज आधीच्या सगळ्या लाजांहून वेगळी होती, कारण ती फक्त त्यांनाच माहीत होती.

"नाही, मॅडम," ते म्हणाले. "बरोबर आहे. एकोणसाठ."

मग त्यांनी चौदाही पत्ते एकेक करून वाचले, त्यांत बायकोचा पत्ता घातला आणि सेंडवर बोट ठेवलं.